कपाळावरची रेघ

पॅरामॅटा
६ सप्टेंबर १९८७

ती. सुनीताईस,
शैलूचा नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे तिन्ही स्थळांचे फोटो पोचले. तुझ्या नीलाने ते बघितले आणि एकाला मिशी काढली. यावरून काय ते समज.

सध्या मी वैतागलेला आहे, ते आधी ऐक. तू नेहमी म्हणतेस की हा डॉक्टर असून जिवंत माणसाला हात लावत नाही, हाडांवर पोट भरतो. तर त्या हाडांनीच मला गेल्या महिन्यात विटवलं. युनिव्हर्सिटीतल्या आमच्या विभागात मिस्टर थॉर्नबी नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. लोकरीच्या धंद्यात पैसा केलेलं जुनं घराणं. त्यांच्या आजोबांनी इंग्लंडमधल्या आपल्या गावच्या शेतात खणून काढलेल्या दोन कवट्या त्यांनी लाकडी खोक्यातून आणल्या. एकीबरोबर खांद्यावर लावायची ब्रॉंझची पिन आहे, ती सॅक्सन म्हणे. दुसरी त्याच जागी खालच्या थरात सापडली, तिच्याबरोबर एक रोमन नाणं. ती जुन्या ब्रिटन माणसाची.

शाळेत आपण शिकलो ते तुला आठवत असेल. रोमन लोक ब्रिटन सोडून गेले, मग समुद्रापलीकडून तीन होड्यांतून अँगल्स आणि सॅक्सन आले, त्यांनी मूळच्या लोकांना कापून काढलं नाहीतर डोंगरात पिटाळलं, आणि इंग्रज नावाची जात जन्मली. थॉर्नबी अजून त्याच इयत्तेत आहेत. येत्या जानेवारीत गोऱ्यांना या देशात येऊन दोनशे वर्षं होतील. त्या सोहळ्यात त्यांना या दोन कवट्या शेजारी शेजारी मांडायच्या आहेत, एक जेत्याची आणि एक जिताची. मी फक्त मोजमाप करून सही द्यायची.

बोलताना ते त्या सॅक्सन कवटीवरून हात फिरवत होते, मांजर कुरवाळावं तसा. म्हणाले, "Three boats, mate. We cleared the lot." हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर असं सुख दिसावं, याची मला शिसारी आली. आणि ज्या खोलीत हे चाललं होतं तिथे मागच्या कपाटात याच देशातल्या मूळ लोकांच्या कवट्या आहेत. त्यांना ना गाव ना आजोबा. नुसते नंबर. थॉर्नबींनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मी मात्र रोज त्याच खोलीत डबा खातो.

असो. आता मुख्य गोष्ट. नीलाने सांगितलं, "मामा, तू आईला लिही, you soften her up." मला लोणी लावता येत नाही हे तिला कोण सांगणार! सरळच लिहितो. तिला लग्न करायचं आहे. मुलगा इथेच पॅरामॅटाला इंजिनियर आहे. नाव व्हॅलेंटाइन. वसईचा आहे, घरात मराठी बोलतात. मार्चमध्ये करायचं म्हणतात. तू आलीस तरच तिला ते लग्न वाटणार आहे, हे ती तुला कधी सांगायची नाही, म्हणून मी सांगतो.

तुझा
शैलू

*

पुणे
२५ सप्टेंबर १९८७

चि. शैलेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. ख्रिश्चन! अरे, मी मुलीला तुझ्या भरवशावर पाठवली. लग्न न केलेल्या भावाकडे मुलगी ठेवू नये, असं शेजारच्या श्यामलाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. मीच त्यांना गप्प केलं.

त्यांच्या घरात काय शिजतं हे तुला ठाऊक आहे ना? मासळी! उद्या नीलाच्या पदराला, केसांना तो वास लागणार. तिच्या हातचं पाणी मी कसं पिऊ? तू मला मागासलेली म्हण. किळस येते ती येते, ती काही ठरवून आणता येत नाही.

तुझ्या त्या थॉर्नबीला उगाच नावं ठेवतोस. मला तर तो माणूस आवडला. आपलंही तेच आहे. आपले पूर्वज गलबतातून किनाऱ्याला लागले, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, आणि कोकणात स्वतःचं वेगळेपण राखून राहिले. ज्याला कुळ आहे त्याने ते सांगावं, त्यात लाज कसली?

आपल्या घराची रेघ विसरलास का? अण्णांच्या कपाळावर मधोमध वरून खाली बारीक खाच होती. तुझ्या आहे, माझ्या आहे, नीलाच्या आहे. देवाने गंध लावून पाठवलंय, असं आजी म्हणायची. बारशाला घरातल्या वडीलधाऱ्याने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवायचं, "रेघ आहे" म्हणायचं आणि मगच कानात नाव सांगायचं. इतकी बारशी झाली, आजवर एकदाही चुकली नाही. असं घराणं तू वसईच्या खाडीत बुडवायला निघालास.

नीलाला समजाव. तुझं ऐकते ती.

सुनीती

*

पॅरामॅटा
१५ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस,
नमस्कार.

उत्तराला उशीर केला, कारण तुझं पत्र वाचून जे सुचलं ते लिहिण्याजोगं नव्हतं. पदराच्या वासाचं तर मी नीलाला दाखवलंच नाही.

तुझ्या आवडत्या थॉर्नबींची गोष्ट पुरी करतो. कवट्या मी नीट पाहिल्या. लांबी-रुंदी मोजून कोण सॅक्सन आणि कोण ब्रिटन हे सांगता येत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की येतं. डोकं मोजून भाषा कळत नाही, ताई, देव तर मुळीच कळत नाही. पण एक मजा सापडली. दोन्ही कवट्यांच्या कपाळावर मधोमध उभी सांध आहे. तुझी रेघ! मोठ्या माणसात ही सांध बहुधा बुजून गेलेली असते, क्वचित एखाद्यात राहते. इथे दोघांत आहे. शिवाय डोक्याच्या मागे, एकाच ठिकाणी, दोघांनाही एक जादा हाडाची चकती आहे. शपथेवर सांगणार नाही, पण दोघं एकाच रक्ताची असावीत असं म्हणायला जागा आहे.

म्हणजे झालं काय असेल? तिकडे हल्ली काही अभ्यासक म्हणू लागलेत तेच. होड्यांतून आली ती थोडी माणसं. बाकीची होती तिथेच राहिली. तीच शेतं नांगरली, आणि जे वरचढ झाले त्यांची भाषा उचलली, त्यांच्या पिना खांद्याला लावल्या. खाली पुरलेल्या माणसाचीच कुणी नात-पणती वरच्या थडग्यात सॅक्सन होऊन झोपली असेल.

हे मी थॉर्नबींना सांगितलं. ते आधी लाल झाले, मग पांढरे. त्यांच्या घराण्याच्या पूज्य कवटीचं नातं मी एका जित खापरपणजीशी जुळवलं होतं ना. "What would you know about our people?" म्हणाले, आणि खोकं उचलून निघून गेले. जाताना कवटी रुमालात गुंडाळली. माझा हात लागला होता म्हणून आधी पुसली. मी ते दारातून बघत उभा राहिलो.

ताई, वसईत दुसरं काय झालं? पोर्तुगीज आले. त्यातले थोडेच राहिले. लोक होते तेच. त्याच विहिरी, तीच वाडी, देवाचं आणि माणसांचं नाव तेवढं बदललं. व्हॅलेंटाइन परका कसा? त्याची आई फिलोमिनाबाई त्याच्याबरोबर हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी दोनदा जेवून आलो. तुझ्यासारख्याच डोक्यावर बसून वाढतात, नको म्हटलं तरी.

लग्न मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तिकिटाचं मी बघतो. तू फक्त ये.

शैलू

*

पुणे
१० डिसेंबर १९८७

प्रिय शैलू,
खूप खूप आशीर्वाद!

अरे वेड्या, हे आधी का नाही लिहिलंस? मी इकडे रडून रडून डोळे सुजवले आणि तू ही खबर पत्राच्या शेपटीला बांधून पाठवलीस. "लोक होते तेच." मी ते वाक्य श्यामलाबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरचं कुणी वसईकडे होतं. त्या म्हणाल्या, तिथे ब्राह्मणांची घरंच्या घरं बाटवली होती. म्हणजे व्हॅलेंटाइन मूळचा आपलाच! गेली होती ती गाय गोठ्यात परत येते आहे, एवढंच.

मी येणार. शालू काढून उन्हात टाकला आहे. आता तू एवढं कर. युनिव्हर्सिटीच्या छापील कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिही, की मी शास्त्रीय तपासणी केली आणि हा मुलगा मूळ ब्राह्मण वंशाचा आहे. सही, शिक्का. इथे चार लोकांना दाखवायला लागतो. त्याचं गोत्र काय असेल ते फिलोमिनाबाईंना विचार, एखाद्या म्हातारीला आठवत असेल. पत्रिकेत "व्हॅलेंटाइन" बरं दिसणार नाही, "वसंत" घालू. आणि बोलता बोलता सहज त्याच्या कपाळावरून बोट फिरव. रेघ असली तर मग प्रश्नच मिटला.

बघ, तुझी हाडं शेवटी घराच्या उपयोगी पडली.

तुझी
ताई

*

पॅरामॅटा
३१ जानेवारी १९८८

ती. ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा नीला आणि व्हॅलेंटाइन इथेच चहा पीत होते. पाकिटावर तुझं अक्षर पाहून नीलाने ते माझ्या हातातून ओढलं. "ती येते आहे!" असं ओरडून तिने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. शालूपर्यंत हसत होती. पुढचं मनात वाचलं. मग पत्र टेबलावर ठेवून बेसिनशी जाऊन कप धूत बसली. धुतलेलाच कप पुन्हा पुन्हा.

व्हॅलेंटाइनने ते वाचलं आणि हसून कपाळ पुढे केलं. "Go on, doc. Check me." तो हसला म्हणून मी वाचलो, नाहीतर मला त्याच्याकडे बघवलं नसतं.

फिलोमिनाबाई हसल्या नाहीत. नीलानेच त्यांना जाऊन सांगितलं, म्हणाली लपवून काय करू. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. त्यांचे शब्द आहेत तसेच देतो.

"डॉक्टर, तुमच्या बहिणीला लिवा. आमी कोळी. माजी आई पाचूबंदरला मासली इकायची, तिची आई पन. आमी कोनाचे हरवलेले बामन नाय. हरवलेलेच नाय, तर गावायचे कसे? माज्या पोराला चोरून आपला करू नका. हाय तसा घ्या, नायतर घेऊ नका."

मग त्यांनी मला भात वाढला. मी खाली मान घालून जेवलो.

मला तुझा राग आला नाही, ताई. किळस आली. तुझाच शब्द आहे, ठरवून आणता येत नाही. पोराच्या ताटातली मासळी तुला चालत नव्हती तोवर मी समजू शकत होतो. सवयीचा प्रश्न आहे, म्हटलं. पण तीच मासळी, तोच पोरगा, एक शिक्का मारला की चालणार? मी तुला सांगायला गेलो की माणसं मिसळतात, बदलतात, कुणी कुणाचं राखीव नाही. तू त्यातून पुन्हा कुळच काढलंस. थॉर्नबी निदान कवटी उचलून निघून गेला. तू तर तिला गोत्र विचारायला लागलीस.

त्याचीही गोष्ट सांगून टाकतो. सव्वीस जानेवारीला त्याने त्याच कवट्या एका भाड्याच्या हॉलमध्ये मांडल्या. खाली पाटी होती, "आमचे सॅक्सन पूर्वज." दुसरी कवटी उलटी ठेवली होती, कपाळ दिसू नये म्हणून. लोक लेमन केक खात ते बघत होते. मी बाहेर पडलो आणि ट्रेनने शहरात गेलो. तिथे इथल्या मूळ लोकांचा हजारोंचा मोर्चा चालला होता, लांबलांबच्या वस्त्यांतून आलेला. मी कडेला उभा राहिलो. मला आमच्या कपाटातले नंबर आठवत होते. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, "Where's your mob from, love?" तुमची माणसं कुठली? गलबताची गोष्ट सांगायचं तोंड नव्हतं.

कागद मी लिहिणार नाही. कागद लिहिलास तर तूही लग्नाला येऊ नकोस, असं नीलाने मला बजावलं आहे. तू ये. शिक्क्याशिवाय ये. शालू नेसून, व्हॅलेंटाइनला व्हॅलेंटाइन म्हणायला ये. ती वाट बघते आहे.

शैलू

*

पुणे
१४ फेब्रुवारी १९८८

शैलेंद्र,

कोळी! आणि हे तू इतक्या थाटात कळवतोस.

एकच विचारते. डोकं मोजून काही कळत नाही असं तूच लिहिलंस ना? मग तू ब्राह्मण लिहिलंस तर ते खोटं आहे हे कोण सिद्ध करणार? दोन ओळी होत्या. त्यात तुझं काय जात होतं? सख्ख्या बहिणीची अब्रू तुला त्या कागदाहून हलकी वाटली.

मी येणार नाही. शालू परत घडी घालून ठेवला. नीलाला म्हणावं, आई होती, तिला मासळीबाजारात विसरून आलीस. यापुढे तिचं नाव मला लिहू नकोस.

सुनीती

*

पॅरामॅटा
२० मार्च १९८८

ती. ताई,

नाव लिहू नको म्हणालीस, म्हणून "ती" लिहितो.

तिचं लग्न झालं. आदल्या संध्याकाळी फिलोमिनाबाईंना उंबराची फांदी हवी होती, त्यांच्याकडे नवरा-नवरीच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत आणतात त्यासाठी. इथे उंबर कुठला? पार्कात एक प्रचंड झाड आहे, पारंब्या सोडलेलं, उंबराच्याच जातीचं. तिथून त्यांनी डहाळी मोडली. विहीर नव्हती, बागेतल्या नळाचं पाणी घागरीत भरलं. आपल्याकडेही लग्नघरी उंबराची डहाळी लावतात, ते मला आठवलं. कोणाचं कोणाकडून आलं, हे विचारायचा मला आता वीट आला आहे.

आईच्या जागी कुणी उभं राहावं, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "Leave it empty." एक खुर्ची रिकामी ठेवली. फोटोत आली आहे. फोटो पाठवत नाही.

शैलू

*

पुणे
२२ फेब्रुवारी १९८९

चि. शैलेंद्रास,
आशीर्वाद.

वर्ष झालं. माझी तब्येत बरी आहे. श्यामलाबाईंच्या भाचीकडून कळलं की मुलगी झाली. तू कळवलं नाहीस, पण मीच कळवू नको म्हणाले होते, तेव्हा तक्रार करत नाही.

मी पुष्कळ विचार केला. जावई कोण ते जाऊ दे. लेकीच्या पोटचं मूल अर्धं तरी आपलं. आता ते आपल्यावर गेलं आहे की त्यांच्यावर, एवढंच बघायचं. तू घरातला वडीलधारा आहेस. बाळाच्या कपाळावरून बोट फिरव आणि मला खरं खरं लिही, रेघ आहे का? असली तर रक्ताने आपली बाजू धरली, असं मी समजेन. मग माझ्या मनात काही राहणार नाही. मी अण्णांच्या धोतराची मऊ कुंची शिवून ठेवली आहे, आपल्या घरातल्या बाळांना शिवतात तशी. ती पाठवीन. जमलं तर स्वतः घेऊन येईन.

नसली तर उत्तर पाठवू नकोस. मी समजेन.

ताई

*

पॅरामॅटा
५ मार्च १९८९

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी नीलाला दाखवलं नाही. आधीचं पत्र वाचून तिने कप धुतले होते. या वेळी तिच्या मांडीवर बाळ आहे.

तपासणीचा निकाल देतो. बाळ जन्मलं त्या दिवशीच मी इस्पितळात गेलो होतो. हात धुतले, नर्सची परवानगी घेतली आणि घरातला वडीलधारा म्हणून कपाळावरून बोट फिरवलं. रेघ आहे. नाकाच्या मुळापासून टाळूपर्यंत सरळ, बोटाला स्पष्ट लागते. अण्णांच्या कपाळावर होती त्याहून ठळक.

तुला आनंद झाला असेल. आता पुढचं वाच.

जन्मतः माणसाचं कपाळ दोन तुकड्यांचं असतं, ताई. प्रत्येकाचं. मधली सांध पुढे हळूहळू सांधली जाते, फार थोड्यांची राहते. आपल्या घरात बारशाला ती कधी चुकली नाही, कारण ती चुकूच शकत नाही. सबंध पुण्यातली बाळं आणून आजीपुढे ठेवली असती तरी तिने "आहे, आहे" म्हणत नावं सांगितली असती. कॉलेजात पहिल्याच वर्षी मी हे अण्णांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "असेल. पण आपली वेगळी." इतक्या पिढ्या आपण हेच करत आलो. पाळण्यात हात घालून जे सगळ्यांना असतं ते चाचपायचं आणि आपलं म्हणून मिरवायचं.

त्या खोलीत आणखीही बाळं होती. नर्सला गंमत वाटली, आयांनी हरकत घेतली नाही, म्हणून मी सगळ्यांच्या कपाळांवरून बोट फिरवलं. एक लेबनॉनच्या बाईचं होतं, एक व्हिएतनामचं. एक सोनेरी केसांचं, थॉर्नबीच्या कवटीवर हक्क सांगेल असं. खिडकीशी एक इथल्या मूळ लोकांपैकी आई होती, तिचं बाळ झोपलं होतं. तिने स्वतःच माझं बोट धरून त्याच्या कपाळावर ठेवलं.

सगळ्यांना रेघ आहे. तुझ्या हिशेबाने त्या खोलीतली एकूण एक पोरं आपली.

कुंच्या किती शिवतेस ते कळव.

तुझा
शैलू